कुंदाताईंना गाडी लागत नाही

बस सुटायच्या आधी कुंदाताई दाराच्या पायरीवर उभ्या राहायच्या आणि चढणाऱ्या प्रत्येक बाईला खणखणीत आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायच्या, "गाडी लागते का?"

नमस्कार नाही, 'बरी आहेस ना?' नाही. आधी हे. हो म्हटलं की पुढच्या खिडकीची जागा, हातावर आलेपाकाची वडी आणि वर ताकीद, की मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही, लांबचा डोंगर बघायचा. नाही म्हटलं की मागची जागा. आणि मागे बसून घाटात जिला उलटी व्हायची तिचं मग काही खरं नसायचं. "लाजायचं काय त्यात? पोट आहे ते, देव्हारा नाही. आधी सांगितलं असतंत तर खिडकी दिली असती. आता पिशवी घ्या." असं म्हणून पिशवी हातोहात मागे पाठवली जायची. त्या स्वतः मात्र कधी मागे यायच्या नाहीत.

बिबवेवाडीतल्या आम्हा बायकांच्या सहली त्या काढायच्या. कंपनी वगैरे काही नव्हती हो. नवरा गेला, मुलगा अभिजित नोकरीच्या सोयीनं विश्रांतवाडीला राहायला गेला, घर रिकामं झालं. तेव्हा एकदा त्यांनी सोसायटीतल्या दहा-बारा जणी गोळा केल्या आणि मिनीबस ठरवून महाबळेश्वरला नेल्या. मग ते चालूच राहिलं. घरातलं कोणी जिला कुठे नेत नाही अशा प्रत्येकीला कुंदाताईंच्या बसमध्ये जागा असायची. मीही त्यातलीच. सातवीनंतर शाळा सुटलेली, मिस्टर गेलेले, सुना आपापल्या कामात. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो कुंदाताईंच्या मागे उभं राहून.

जिभेला धार अशी की काय सांगू. एकदा एक बाई सेंट मारून आली, तर म्हणाल्या, "अहो, बस आहे ही. आपण रुखवतात बसायला नाही निघालोय." स्वारगेटला चढणारी एक जण नेहमी उशिरा यायची. तिला म्हणाल्या, "झोप पुरी झाली ना? नाहीतर आम्ही थांबतो अजून." आणि घाटात गाडी सुसाट सोडणाऱ्या ड्रायव्हरला, "दादा, आम्हाला गणपतीपुळ्याला न्या. थेट गणपतीकडे नको."

त्यांच्या काही सवयी होत्या, त्यांचा अर्थ आम्हाला फार उशिरा लागला. त्या कायम ड्रायव्हरच्या शेजारी, पुढच्या काचेपाशी बसायच्या. तिथे बसून माइकवरून बोलायच्या, पण तोंड रस्त्याकडेच. मागे वळून बोलणं नाही. सूचना, गाण्याच्या भेंड्यांची सुरुवात, जेवण कुठे आहे ते, सगळं आम्ही त्यांच्या अंबाड्याकडे बघत ऐकायचो. आम्हाला वाटायचं, हा त्यांचा रुबाब आहे. आणि दुसरं म्हणजे निघायच्या दिवशी त्यांचा हमखास उपास असायचा. संकष्टी, एकादशी, सोमवार, काही नाही जमलं तर कुठल्यातरी देवीचा नवस. आम्ही पोहे खायचो, त्या फक्त पाणी. नलूवहिनी म्हणायच्या, "केवढं करतात हो देवाचं."

नलूवहिनी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या. मनानं चांगली बाई, पण पोटात काही राहत नाही. सहलीतल्या बायकांचा मोबाइलवर जो ग्रुप होता तो म्हणजे खरं तर नलूवहिनीच होत्या.

एकदा हरिहरेश्वरला निघालो होतो. नलूवहिनींच्या सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये, त्यांना पाय लांब करून बसायला पुढची जागा द्यावी लागली. कुंदाताई मागच्या बाकावर माझ्याजवळ येऊन बसल्या. ताम्हिणी घाटात मी बोलत होते, त्या हूं हूं करत होत्या, नंतर हूंसुद्धा बंद झालं. चहाला थांबलो तशा त्या सगळ्यांच्या आधी उतरल्या आणि दिसेनाशा झाल्या. मी हात धुवायला हॉटेलच्या मागे गेले, तर पाण्याच्या टाकीला कपाळ टेकून उभ्या. चूळ भरत होत्या.

"काय झालं हो?"

"डोळ्यात काहीतरी गेलं."

"डोळ्यात गेलं की चूळ भरतात होय?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "शालन, पुढच्या सहलीला तुझी जागा असावी असं वाटतं ना तुला?"

मला वाटत होतं. विषय तिथेच संपला. बसमध्ये चढताना त्यांनी वहिनींच्या सासूबाईंना गोड बोलून मागे आडवं झोपवलं आणि पुढे जाऊन बसल्या.

त्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं. आदल्या दिवशी तपासणीला त्यांच्याबरोबर नलूवहिनी गेल्या होत्या. तिथे काय झालं ते वहिनींनीच मला संध्याकाळी हसत हसत सांगितलं. भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, पोनीटेल बांधलेली. तिनं विचारलं, बीपी, शुगर, दात हलतो का, तंबाखू-सिगारेट काही, आधी कधी भूल घेतलीय का. आणि मग विचारलं, "प्रवासात मळमळतं का? गाडी लागते?"

कुंदाताई म्हणाल्या, "अहो, मी सहली काढते."

आणि नलूवहिनी म्हणाल्या, "यांना कुठली लागतेय गाडी! बाकीच्यांना या लागतात."

तिघी हसल्या म्हणे. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा कुंदाताई शुद्धीवर आल्या होत्या. चार खाटांची खोली. खाटेभोवती नलूवहिनी आणि सहलीतल्या आणखी तिघी, शहाळी घेऊन, देवळाच्या ओट्यावर बसाव्यात तशा. कुंदाताईंचा चेहरा पांढरा पडला होता आणि ओठ घट्ट मिटलेले. सिस्टर आली, म्हणाली, "आजी, मळमळतंय का? असेल तर सांगा, इंजेक्शन देते." कुंदाताईंनी मान हलवली. नाही. घशातला आवंढा खाली गेलेला मला दिसला. जरा वेळानं सिस्टरनं परत विचारलं, परत नाही. उलटीसाठी दिलेला ट्रे उशाशी होता, तो त्यांनी स्वतःच्या हातानं चादरीखाली सरकवून ठेवला होता. कोणाला दिसू नये म्हणून.

मग झालं ते एकदम झालं. ट्रे हाताशी येईपर्यंत चादर, अंगावरचा गाऊन, शेजारच्या बाईची पिशवी, सगळं भरलं. पोटावर टाके, त्यात उमासे. प्रत्येक उमाशाला त्या पोट धरून कण्हत होत्या आणि त्यातही तोंड हातानं झाकत होत्या. एक जण "अगं बाई" म्हणत मागे सरकली, एकीनं नाकाला रुमाल लावला. मावशी आली, पुसायला लागली. कुंदाताई तिला म्हणत होत्या, "मी करते, मी पुसते." त्यांना उठून बसताही येत नव्हतं.

औषधं दिली, पण एकदा ते सुरू झाल्यावर आवरायला वेळ लागला. घरी सोडायचं लांबलं. कुंदाताई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. अभिजित संध्याकाळी ऑफिसमधून आला, घाबरलेला. "आई, असं कसं झालं गं एवढं?" त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "भूल जास्त झाली असेल. पोरगी नवी आहे."

एवढंच बोलल्या. पण खोलीत नलूवहिनी होत्या.

रात्रीपर्यंत ग्रुपवर आलं. कुंदाताईंना भूल देताना चूक झाली, डॉक्टर अगदीच शिकाऊ, सगळ्यांनी सावध राहावं. त्याच्या खाली प्रत्येकीचं काही ना काही. बापरे, काळजी घ्या, केस करायला हवी. घरी आल्यावर कुंदाताईंनी ते वाचलं आणि त्यावर जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. पुढे भाजीवाल्यापाशी कोणी विचारलं तर म्हणायच्या, "नशीब माझं म्हणून उठले." हळूहळू आमच्या भागात ते पक्कं झालं. कोणाचा हर्निया निघाला, कोणाच्या पिशवीचं ऑपरेशन ठरलं, की आधी विचारणा, भूल ती पोनीटेलवाली देणार नाही ना?

दीड-दोन वर्षं गेली असतील. दसऱ्याच्या सुमाराला कुंदाताईंनी मला घरी बोलावलं, दार लावून घेतलं आणि सांगितलं की छातीत गाठ लागलीय. सुईनं तपासलंय, बरी नाही, काढायला हवी. गाठ लहान होती, डॉक्टर म्हणत होते लवकर या, सगळं नीट होईल. मी म्हटलं, मग कधी जायचं? म्हणाल्या, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली. संक्रांत होऊ दे. संक्रांत झाली. हळदीकुंकू होऊ दे. अभिजित रोज फोन करून रडकुंडीला यायचा. त्याला वाटे आई कॅन्सरच्या नावानं घाबरली. मलाही तेच वाटत होतं.

शेवटी एक दिवस मी भांडले. म्हटलं, गाठ काय तुमच्या हळदीकुंकवाची वाट बघत बसणारेय का? तर त्या तिळाचे लाडू डब्यात भरता भरता थांबल्या.

"कॅन्सरचं काही नाही गं. व्हायचं ते होईल. पण परत भूल. परत ते सगळं. लोकांपुढे."

"लोकांना येऊ देणार नाही मी. दारात बसते."

"सिस्टर असतात. मावशी असतात. त्या दिवशी ती मावशी माझं पुसत होती आणि मला वाटत होतं, नसते उठले तर बरं झालं असतं."

ज्या बाईनं शंभरजणींना पिशव्या वाटल्या आणि देव्हाऱ्याचं वाक्य ऐकवलं, तिच्या तोंडून हे. मी ते वाक्य त्यांना परत ऐकवायचं ठरवून तोंड उघडलं होतं, पण त्यांच्याकडे पाहिलं आणि लाडवांच्या डब्याचं झाकण लावायला घेतलं. त्या आठवड्यात मी आणि अभिजितनं मिळून त्यांना नेलंच. सर्जन आधीचेच. त्यांच्याकडे भूल द्यायला डॉक्टरही त्याच होत्या. कुंदाताईंना ते कळलं तेव्हा त्या जिन्यातच उभ्या राहिल्या. "दुसरं कोणी नाही का?" मी म्हटलं, नाही. चला.

तपासणीच्या खोलीत आम्ही दोघीच. डॉक्टरांनी आधीची माहिती काढून ठेवली होती. म्हणाल्या, "आजी, गेल्या वेळी तुम्हाला फार त्रास झाला. तेव्हा आता आपण आधीपासूनच तयारी करू. असं बघा, बायकांना भुलेनंतर उलट्या पुरुषांपेक्षा जास्त होतात. सिगारेट न ओढणाऱ्यांना जास्त होतात. एकदा झाल्या असतील त्यांना परत व्हायची भीती जास्त. तुमच्यात हे सगळं आहे."

"सिगारेट ओढणाऱ्यांना कमी होतात?"

"हो."

"मग सुरू करू का आता?"

"नको," डॉक्टर हसून म्हणाल्या. "त्याचे बाकीचे हिशोब फार वाईट असतात. आणि गाडी लागते का, हे मी गेल्या वेळीही विचारलं होतं. नाही म्हणाला होतात."

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उठायला लागले, म्हटलं मी बाहेर थांबते. त्यांनी माझं मनगट धरलं. "बस तू. तुला अर्धं माहितीच आहे."

आणि मग डॉक्टरांच्या टेबलाच्या कडेकडे बघत त्यांनी सांगितलं.

"लग्नानंतर आम्हाला जेजुरीला नेलं. नव्या जोडप्यानं जायचं असतं ना. जीपमध्ये मागे आठ-दहा माणसं कोंबलेली, मला नवी नऊवारी, पोटात पुरणपोळी. मी त्याआधी मोटारीत कधी बसलेच नव्हते. दिवे घाटात मला उलटी झाली. सासूबाईंच्या मांडीवर झाली.  मग चुलतसासू म्हणाली, नवी नवरी चार दिवसांत ओकायला लागली, हे कुठलं म्हणायचं? आणि सासूबाईंनी मला विचारलं, शेवटची बाहेर कधी बसली होतीस? दिरांसमोर. ड्रायव्हरसमोर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"जेजुरीला नवरा बायकोला उचलून घेतो, पहिल्या काही पायऱ्या. रीत आहे तशी. आमच्या यांनी घेतलं नाही. मी मागून चालत गेले. पुढच्या महिन्यात सगळ्यांना कळलं की तसलं काही नव्हतं. पण आमचं चुकलं, असं कोणी म्हणालं नाही. ना सासूबाई, ना हे. मी तेव्हा ठरवलं, आपल्याला गाडी लागत नाही. उपाशी बसेन, पुढे बसेन, पण लागत नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली, डॉक्टर, मला रिक्षासुद्धा लागते."

 मग डॉक्टर म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्या बरोबर ज्या बाई होत्या त्यांना मी बाहेर बसवायला हवं होतं. मग विचारायला हवं होतं."

"तुमचं काही चुकलं नाही हो."

"असं तुम्ही म्हणताय," डॉक्टर म्हणाल्या. आणि मग सहज, कुंदाताईंच्या बीपीचा पट्टा सोडता सोडता, "बिबवेवाडीचे पेशंट हल्ली मला बघतात आणि विचारतात, दुसरं कोणी आहे का. का ते मला अजून कळलेलं नाही."

कुंदाताईंची मान जी खाली गेली ती वर आलीच नाही. मला वाटलं आता बोलतील. बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. यावेळी वायूची भूल नाही, शिरेतून द्यायची. झोपवताना उलटी न होण्याचं एक इंजेक्शन, उठवण्याआधी वेगळ्या जातीचं दुसरं. छातीच्या बाजूची नस बधिर करायची, म्हणजे नंतर दुखण्यासाठी जी कडक औषधं लागतात, ज्यांनी मळमळ वाढते, ती कमी लागतील. साधं पाणी कधीपर्यंत प्यायचं तेही सांगितलं. "एवढं करूनही थोडं मळमळू शकतं. तसं वाटलं की लगेच सांगायचं. दाबून ठेवायचं नाही. लवकर सांगितलंत तर लवकर थांबवता येतं." कुंदाताई सगळ्याला हो म्हणत होत्या. शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या.

रिक्षात बसल्यावर त्या बराच वेळ बाहेर बघत होत्या. मार्केट यार्डपाशी सिग्नलला म्हणाल्या, "माझ्यावर त्या लोकांनी उलटीवरून नको ते घेतलं. आणि मी काय केलं? उलटी माझी आणि डाग त्या पोरीला."

मी म्हटलं, आधी ऑपरेशन होऊ दे.

ऑपरेशन झालं. दारात मी बसले होते, कोणाला येऊ दिलं नाही. दुपारभर त्या शांत पडून होत्या, दोन घोट पाणी घेतलं. संध्याकाळी कूस बदलताना चेहरा एकदम उतरला. मी ट्रे पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही, माझ्याकडे बघितलं, उशाशी बेलची वायर होती ती चाचपली आणि बटण दाबलं. सिस्टर आली. "सिस्टर, मला मळमळतंय."

ड्रायव्हरवर आवाज चढवणारी ती बाई, पण हे तीन शब्द तोंडावर चादर घेऊन बोलली. सिस्टर म्हणाली, "बरं झालं सांगितलंत," आणि तिनं डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं निराळं इंजेक्शन दिलं. जरा वेळ त्या माझा हात धरून डोळे मिटून होत्या. मग ते ओसरलं. उलटी झाली नाही. सकाळी त्यांनी चहा मागितला आणि तो पाणचट आहे म्हणाल्या, तेव्हा मला बरं वाटलं.

पुढचे उपचार झाले, केमो झाली, किरणांचे शेक झाले. त्यात उन्हाळा गेला, पावसाळा गेला. थंडीत बायका मागे लागल्या, एक तरी सहल काढा. जवळचीच काढली. फाटकापाशी बस उभी, कुंदाताई दारातल्या पायरीवर. केस अजून विरळ, डोक्याला स्कार्फ. सगळ्या खाली गोळा झाल्या. आणि नेहमीचा प्रश्न विचारायच्या ऐवजी त्या म्हणाल्या, "आज आधी माझं ऐका. मला गाडी लागते. लग्नापासून लागते."

कोणीतरी हसलं. नलूवहिनी म्हणाल्या, "चेष्टा करताय."

"चेष्टा नाही. आणि भूल चुकली नव्हती. डॉक्टरांनी मला विचारलं होतं, गाडी लागते का. मी खोटं सांगितलं. वहिनी, तुम्ही तिथेच होतात. नंतर सिस्टरनं विचारलं तेव्हाही खोटं बोलले. उलट्या झाल्या त्या माझ्यामुळे. त्या मुलीचा काही दोष नव्हता, आणि मला ते तेव्हाच माहीत होतं."

एक जण समजूत घालत म्हणाली, "जाऊ द्या हो, झालं ते झालं."

"कसं जाऊ देऊ? तुम्ही सगळ्यांनी ते माझ्या शब्दावर खरं धरलंय."

नलूवहिनी लाल झाल्या होत्या. त्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "कुंदाताई, मी तुमच्या शब्दावर माझ्या बहिणीला त्या दवाखान्यातून उठवून आणलं. ऑपरेशनच्या दिवशी. तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, त्या डॉक्टरला तोंडावर म्हटलं मी, तुमच्या हातची भूल नको. आता मी काय करू?"

 कुंदाताई पायरीवरून खाली उतरल्या आणि वहिनींपुढे जाऊन उभ्या राहिल्या. वहिनींनी पिशवी उचलली आणि घरी निघून गेल्या. सहल झाली, पण भेंड्या कोणी सुरू केल्या नाहीत. कुंदाताई पुढच्या काचेपाशी बसल्या होत्या आणि माइक दिवसभर हुकाला तसाच लटकत होता. त्यांची ती शेवटची सहल.

त्यानंतर अभिजितनं त्यांना विश्रांतवाडीला नेलं. आमचं बोलणं फोनवर व्हायचं. दोन वर्षांनी तिकडेच, हृदयविकारानं त्या गेल्या. मी गावाला होते, मला जाता आलं नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे त्या राहिल्या आहेत त्या सामान हलवायच्या आठवड्यातल्या, दवाखान्यातल्या.

सर्जनना दाखवायचं होतं म्हणून आम्ही दोघी गेलो होतो. पण त्या आधी भुलेच्या डॉक्टरांच्या दाराशी गेल्या. मला म्हणाल्या, तू बाहेर थांब. दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टर खुर्चीकडे हात करत होत्या, कुंदाताई बसल्या नाहीत. उभ्यानंच बोलत होत्या. मला त्यांची पाठ दिसत होती आणि डॉक्टरांचा चेहरा. डॉक्टर आधी हसऱ्या होत्या, मग नव्हत्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुमच्या त्या उलट्यांनंतर कित्येक दिवस घरी जाऊन विचार करत होते, माझ्याकडून कुठलं औषध द्यायचं राहिलं. मोठ्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. एकदा वाटलं, हे काम आपल्याला जमत नाही, सोडून द्यावं."

"आणि?"

"आणि म्हणाल्या, आलात ते बरं केलंत. पुढच्यांना आत पाठवा."

"म्हणजे माफ केलं."

"तसं काही म्हणाल्या नाहीत. तू आपल्या मनानं काही जोडू नकोस."

सर्जनचा नंबर यायला अवकाश होता. त्या बाकावर बसल्या, मला म्हणाल्या, तू जा, तुझ्याकडे पाणी येण्याची वेळ झाली, अभिजित येईल मला न्यायला. मी निघाले. जिन्यापाशी पोचले तोवर भुलेच्या डॉक्टर आपल्या खोलीतून बाहेर आल्या, कोणाला तरी बघायला वॉर्डात निघाल्या, आणि मी तिथेच थांबून बघत राहिले. त्या समोरून जाताना कुंदाताई उठून उभ्या राहिल्या. सत्तरीला आलेली बाई, एक हात अजून नीट वर जात नाही, भिंतीला धरून उठली. डॉक्टर गेल्या तशा बसल्या. डॉक्टर परत आल्या, त्या परत उठल्या. शेजारी बसलेली माणसं त्यांच्याकडे बघायला लागली होती. त्यांचं लक्ष नव्हतं.

तिसऱ्यांदा डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा घाईत होत्या, हातात कुठलीशी औषधं होती. कुंदाताई अर्ध्या उठल्या होत्या. डॉक्टरांनी जाता जाता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना खाली बसवलं. थांबल्या नाहीत. तशाच पुढे ऑपरेशनच्या खोलीकडे निघून गेल्या.